हेडफोन नसताना हेडफोन

माझे काम कानाचे आहे. संशोधकांनी ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखती ऐकायच्या आणि त्या जशाच्या तशा, बोलणाऱ्याच्या अडखळण्यासकट, मराठीत उतरवून द्यायच्या, हे मी साताऱ्यात घरी बसून गेली नऊ वर्षे करीत आहे. त्यासाठी वापरते तो संगणक २०१४ साली जोडून घेतलेला, चौथ्या पिढीच्या इंटेल आय-थ्री प्रोसेसरचा आणि आता म्हातारा म्हणावा असा आहे. त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग प्रणाली चालते, मागच्या हिरव्या जॅकला दोन लहान स्पीकर लावलेले आहेत आणि टेबलाखाली त्यांच्याच बरोबर आलेला बेसचा डबा आहे. एका रविवारी दुपारी मी हा संगणक मिंटच्या २१.३ या आवृत्तीवरून २२ वर नेला. सोमवारी सकाळी मुलाखतीची फाइल उघडली, वेळेचा आकडा पुढे सरकू लागला, ध्वनिलहरींचा आलेखही सरकू लागला, आणि स्पीकरमधून मात्र काहीही बाहेर पडले नाही.

संशय कुणावर घ्यावा याचा विचारही मला करावा लागला नाही. शनिवारी दुपारपर्यंत आवाज होता, मध्ये एकच मोठी गोष्ट घडली होती, आणि त्या गोष्टीत ध्वनीची सगळी व्यवस्थाच बदलली होती हे मला ठाऊक होते. मिंटच्या २१ च्या मालिकेत पल्सऑडिओ हा ध्वनी सर्व्हर, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचे आवाज स्पीकरकडे पोचवणारा प्रोग्राम, होता. जुलै २०२४ मध्ये आलेल्या २२ मध्ये त्याची जागा पाइपवायरने घेतली. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने हा बदल एप्रिल २०२१ मध्येच केला होता आणि उबंटू या तिसरीने ऑक्टोबर २०२२ मध्ये, तेव्हा मिंटने तशी घाई केली होती असेही नाही. पण माझ्या घरी पाइपवायर रविवारी आले आणि सोमवारी आवाज नव्हता, एवढा पुरावा मला पुरेसा वाटला. हा संशय पुढे निम्मा खरा निघाला, आणि तो निम्मा खरा होता म्हणूनच मी त्याला इतके दिवस धरून बसले.

सोमवार मी वाया घालवला. माझ्याकडे एक वही आहे. संगणकाने कधी काय त्रास दिला आणि तो कशाने मिटला हे मी तिच्यात लिहून ठेवते. आवाजाच्या पानावर दोन उपाय होते आणि दोन्ही पल्सऑडिओच्या काळातले होते. पहिला उपाय म्हणजे घरच्या फोल्डरमधला पल्सचा लपलेला कॉन्फिग फोल्डर उडवून पुन्हा लॉगइन करणे. तो केला आणि काहीच झाले नाही, कारण कोणता स्पीकर पसंत आहे ही आठवण नवी व्यवस्था तिथे ठेवतच नाही. दुसरा उपाय अल्सा (ध्वनीच्या चिपशी बोलणारी खालची व्यवस्था) आणि पल्सऑडिओ यांची पॅकेजे पुन्हा बसवण्याचा होता. ती कमांड दिली, पासवर्ड घातला आणि पुढे जाण्यापूर्वी सवयीने पडद्यावरचा मजकूर वाचला, तर पल्सऑडिओ बसवण्यासाठी पाइपवायरचे पॅकेज काढावे लागेल असे तिथे लिहिलेले होते. मी नकाराचे बटण दाबले. ते दाबले नसते तर एका बिघाडात मी स्वतःच्या हाताने दुसरा मिसळला असता, आणि मग यातले कुठले मूळचे व कुठले माझे हे सोडवत बसावे लागले असते. टाइमशिफ्ट या प्रोग्रामने प्रणालीची रविवारच्या आधीची प्रत काढून ठेवलेली होती, तिच्यावर परत जावे असेही एकदा मनात आले. ते केले नाही, याचे श्रेय माझ्या विवेकाला नसून त्या दिवशी वीज तीनदा गेली या गोष्टीला आहे; अशा विजेवर अर्धी प्रणाली मागे नेण्याची माझी छाती झाली नाही.

रात्री पुण्याला भाच्याला फोन केला. तो सर्व्हरची कामे करतो, ध्वनीतले त्याला विशेष कळत नाही असे तो स्वतःच म्हणतो, पण प्रश्न विचारण्याची त्याची पद्धत चांगली आहे.

“मावशी, आवाज कुठपर्यंत येतोय?”

“अरे, येतच नाहीये म्हणून तर तुला फोन केला.”

“स्पीकरमधून येत नाहीये, ते कळलं. फाइलमधून निघून तो मध्ये कुठे अडकलाय ते बघितलंस का? एकेक पायरी बघ, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि हो, बदललीस की त्या तुझ्या वहीत लिही.”

मंगळवारी सकाळी मी वहीत त्या पायऱ्या मांडल्या. वाचणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून त्या इथे सांगते. सर्वांत खाली यंत्रसामग्री, म्हणजे मदरबोर्डवरची ध्वनीची चिप, जॅक, वायर आणि स्पीकर. तिच्यावर कर्नलमधला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातला, अल्सा, जो प्रत्यक्ष चिपशी बोलतो. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून लिनक्सची नेहमीची ध्वनिव्यवस्था आहे. अल्साच्या वर ध्वनी सर्व्हर, जो ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर अशा अनेकांचे आवाज एकत्र करून खाली पाठवतो. लेनार्ट पॉटरिंग यांनी २००४ मध्ये सुरू केलेले पल्सऑडिओ हे काम वर्षानुवर्षे करीत होते, आणि आता ते विम टायमन्स यांचे पाइपवायर करते, जे गमतीची गोष्ट म्हणजे सुरुवातीला व्हिडिओसाठी लिहिले गेले होते. पाइपवायर फक्त वाहून नेण्याचे काम करते; कोणता आवाज कोणत्या दाराने बाहेर काढायचा हे वायरप्लंबर नावाचा दुसरा प्रोग्राम ठरवतो. आणि सगळ्यांच्या वर माझा मुलाखत ऐकण्याचा प्रोग्राम. यांपैकी पाइपवायर आणि वायरप्लंबर या दोनच पायऱ्या रविवारी पूर्णपणे नव्या आल्या होत्या, आणि तरीही तपासणी तळापासून करायची असे मी ठरवले, कारण तळ तपासायला मोबाइलपलीकडे काही लागत नाही.

स्पीकरची पिन संगणकामागून काढून मोबाइलला लावली. भक्तिगीत खणखणीत वाजले, बेसच्या डब्यासह. स्पीकर, त्यांची वायर आणि वीजजोड असे तिन्ही निर्दोष. पिन पुन्हा हिरव्या जॅकमध्ये घट्ट बसवली.

मग कर्नलला चिप दिसते का हे पाहिले. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, ‘एप्ले’ ही कमांड उणे चिन्ह आणि लहान एल जोडून दिली की संगणकाला ओळखता आलेली ध्वनीची कार्डे ती दाखवते. माझ्याकडे दोन दिसली. शून्य क्रमांकाचे कार्ड एचडीएमआयचे, म्हणजे मॉनिटरच्या वायरीतून आवाज पाठवणारे, आणि एक क्रमांकाचे कार्ड मदरबोर्डवरच्या रिअलटेक एएलसी ८८७ या चिपचे. चौथ्या पिढीच्या इंटेल संगणकांवर ही अशी मांडणी नेहमीची आहे: मॉनिटरचे कार्ड आधी, खरे कार्ड नंतर. चिप दिसत होती आणि तिचा ड्रायव्हरही चालू होता. ही यादी रिकामी आली असती तर गोष्ट वेगळ्या वाटेला गेली असती आणि कर्नलच्या नोंदी चाळाव्या लागल्या असत्या. तशी वेळ आली नाही.

आता वरच्या दोन नव्या पायऱ्या. ‘डब्ल्यूपीसीटीएल’ ही वायरप्लंबरशी बोलण्याची कमांड आहे. तिला ‘स्टेटस’ हा शब्द जोडला की आवाजाच्या बाहेर जाण्याच्या सगळ्या वाटा ती झाडाच्या फांद्यांसारख्या मांडून दाखवते आणि सध्याच्या वाटेपुढे एक तारा काढते. माझा तारा ‘डिजिटल स्टिरिओ, एचडीएमआय’ या ओळीपुढे होता. याचा अर्थ माझ्या मुलाखती सोमवारपासून मॉनिटरकडे जात होत्या. माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. पण त्याच्या पाठीला हेडफोनचा एक जॅक आहे, त्यामुळे आपल्याला आवाज घेता येतो असे तो संगणकाला कळवतो, आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो. जुन्या प्रणालीत मी कधीतरी मागचा स्पीकर निवडून ठेवला होता, ती निवड पल्सऑडिओने लक्षात ठेवली होती. वायरप्लंबर आपली आठवण वेगळ्या जागी ठेवतो, आणि त्याच्या दृष्टीने मी काल राहायला आलेली भाडेकरू होते.

त्या यादीतला मदरबोर्डच्या कार्डाचा क्रमांक घेऊन तोच मुख्य करण्याची कमांड दिली. तारा खाली उतरला. मी मुलाखत चालू केली. आवाज नाही.

हा क्षण मला नीट आठवतो, कारण तिथे मी जवळजवळ पुन्हा सोमवारच्या वाटेला लागले होते. खरा दोष सापडला होता, तो दुरुस्तही झाला होता, आणि तरी आवाज नव्हता म्हणजे दुरुस्ती लागू पडली नसावी, असे वाटून मी ती उलटवण्याच्या बेतात होते. वहीत आधी लिहायचे ठरले होते म्हणून लिहिले, आणि लिहिताना दुसरी शक्यता दिसली, ती म्हणजे दोष दोन असावेत आणि पहिल्याच्या मागे दुसरा उभा असावा. पहिला दुरुस्त केल्यामुळेच दुसऱ्यापर्यंत पोचता येणार होते. तारा तिथेच राहू दिला.

मिंटमध्ये आवाजाची स्वतःची खिडकी आहे, पण तपासणीसाठी ‘पॅव्हूकंट्रोल’ हा प्रोग्राम मला जास्त सोयीचा वाटतो, म्हणून तो बसवून घेतला. त्यात प्रत्येक वाटेखाली एक पट्टी असते आणि आवाज तिथे पोचला की ती नाचते. मदरबोर्डच्या कार्डाखाली पट्टी व्यवस्थित नाचत होती. मुलाखतीतल्या बाई बोलल्या की पट्टी पुढे धावत होती, त्या थांबल्या की मागे येत होती. मी त्यांचे बोलणे अक्षरशः डोळ्यांनी पाहत होते. पाइपवायर आपले काम चोख करीत होते. पट्टीच्या वर पोर्ट निवडण्याची यादी होती आणि तिच्यात ‘हेडफोन्स’ असे लिहिलेले होते, पुढे कंसात ‘लावलेले’ असेही होते. उघडल्यावर तिच्यात ‘लाइन आउट’, म्हणजे मागचा हिरवा जॅक, अशी दुसरी ओळही दिसली. मी लाइन आउट निवडून पाहिले, फरक पडला नाही, आणि तिथून पुढे गेले. त्या कंसातल्या शब्दावर मी त्या वेळी थांबले असते तर हे लेखन इथेच संपले असते. संगणकाला हेडफोन लावलेलेच नव्हते. मला वाटले, ते जॅकचे नाव असेल.

पाइपवायरला पूर्ण बाजूला ठेवून थेट अल्सातून आवाज पाठवता येतो, तो प्रयोग पुढचा. ‘स्पीकर-टेस्ट’ या कमांडला थेट एक क्रमांकाच्या कार्डाचे शून्याव्या उपकरणाचे नाव दिले, दोन वाहिन्या सांगितल्या आणि माणसाच्या आवाजातली फाइल वाजवायला सांगितले. अशा वेळी एक बाई आलटून पालटून डाव्या स्पीकरमधून ‘फ्रंट लेफ्ट’ आणि उजव्यातून ‘फ्रंट राइट’ असे म्हणतात. पडद्यावर शून्य आणि एक असे वाहिन्यांचे आकडे आळीपाळीने उमटत राहिले, कुठलीही चूक दाखवली गेली नाही, आणि खोलीत पंख्याचा आवाज सोडून काही नव्हते. म्हणजे रविवारी आलेल्या दोन्ही पायऱ्या वगळूनही आवाज गायबच होता. दोष पाइपवायरच्या खाली होता.

खाली म्हणजे अल्सामिक्सर. ही टर्मिनलमध्येच उघडणारी उभ्या पट्ट्यांची खिडकी आहे आणि ती उघडताच पाइपवायरची एकच पट्टी दाखवते. एफ-६ दाबून खरे कार्ड निवडले की मग चिपच्या सगळ्या पट्ट्या दिसतात, आणि अनेकांची चूक इथे होते, कारण पहिल्या पट्टीवरच समाधान मानून ते बाहेर पडतात. पट्टीच्या तळाशी दोन एम दिसले तर ती वाट मुकी केलेली असते, दोन शून्ये दिसली तर चालू असते, आणि एम हे बटण दाबून एकातून दुसऱ्यात जाता येते. माझ्या सर्व पट्ट्यांखाली शून्ये होती. मास्टर पूर्ण वर, फ्रंट पूर्ण वर, हेडफोन पूर्ण वर. अगदी उजवीकडे ‘ऑटो-म्यूट मोड’ असा एक रकाना होता आणि त्यात ‘एनेबल्ड’ असे लिहिलेले होते. त्याला पट्टी नव्हती, म्हणून मी त्याला हातही लावला नाही.

ज्यांचे काम होते त्या बाईंना बुधवारी फोन करून दोन दिवस वाढवून मागितले. त्यांनी दिले, पण माझ्या मनात ते लागून राहिले, आणि कदाचित त्यामुळेच मी मंगळवारपेक्षा निर्णायक काहीतरी करायचे ठरवले. मिंट २२ ज्या पेन ड्राइव्हवरून आणले होते तो लावून संगणक त्यावरूनच चालू केला, म्हणजे डिस्कवरच्या माझ्या प्रणालीला स्पर्शही न करता नवी कोरी प्रणाली मिळाली. आवाजाच्या खिडकीत मदरबोर्डचे कार्ड निवडले आणि चाचणीचे बटण दाबले. शांतता. मग कपाटातून २१.३ चा जुना पेन ड्राइव्ह काढला. त्यात पाइपवायरवर आवाज चालत नाही, त्यात जुने पल्सऑडिओ आहे, आणि शनिवारी दुपारी हीच आवृत्ती याच संगणकावर मला मुलाखती ऐकवत होती. तिथेही शांतता.

एवढ्या वेळात पहिल्यांदाच मी खुर्चीत मागे टेकून बसले. ज्या अद्ययावतीकरणावर मी तीन दिवस चरफडत होते त्याचा या दुसऱ्या दोषाशी संबंध नव्हता. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत आणखी काहीतरी झाले होते, आणि ते प्रणालीत झालेले नव्हते, कॅबिनेटमध्ये झालेले होते.

चिप स्वतः काय सांगते हे पाहण्याची एक जागा अजून राहिली होती. ‘एमिक्सर’ ही कमांड एक क्रमांकाच्या कार्डासाठी ‘कंटेंट्स’ हा शब्द जोडून दिली की चिपच्या साऱ्या खुंट्या एकाखाली एक ओळींत येतात. मिक्सरच्या खिडकीत न दिसणाऱ्या काही ओळीही त्यांत असतात. त्यांपैकी ज्यांच्या नावात ‘जॅक’ आहे अशा ओळी मी गाळून काढल्या. मागचा माइक, समोरचा माइक, लाइन इन: तिघांपुढे ‘ऑफ’. लाइन आउट: ‘ऑन’, ते बरोबर होते, तिथे स्पीकर होते. आणि ‘फ्रंट हेडफोन जॅक’ या ओळीखाली: ‘ऑन’. या ओळी फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत. त्या कुणी लिहीत नाही, जॅकमधले विजेचे बटण काय सांगते तेवढेच त्या दाखवतात. मी वाकून टेबलाखाली पाहिले. कॅबिनेटच्या समोरच्या बाजूला हेडफोनचा जॅक रिकामा होता.

इथे त्या ‘ऑटो-म्यूट’ रकान्याचा अर्थ लागला. समोर कुणी हेडफोन लावला की मागचे स्पीकर आपोआप बंद व्हावेत, रात्री घरच्यांची झोपमोड होऊ नये, यासाठी ती सोय आहे, आणि ती ड्रायव्हरच्या पातळीवर चालते. वरून पाइपवायरने कितीही लाइन आउट निवडले आणि कितीही जोरात आवाज पाठवला तरी, हेडफोन लागला आहे असे चिप म्हणत असेपर्यंत मागचा हिरवा जॅक मुका राहणार. अल्सामिक्सरमध्ये परत गेले, बाणाने उजवीकडे त्या रकान्यावर पोचले आणि खालचा बाण दाबला. ‘एनेबल्ड’ जाऊन ‘डिसेबल्ड’ आले. दुसऱ्या खिडकीत स्पीकर-टेस्ट चालूच होती. बेसच्या डब्यातून एकदम ‘राइट’ असे अर्धे वाक्य आले, आणि मी दचकून पाय मागे घेतला, कारण आवाजाची प्रत्येक पट्टी मी मंगळवारी पूर्ण वर नेऊन ठेवली होती.

काम तिथून सुरू होऊ शकले असते, पण रिकाम्या जॅकला हेडफोन कसा दिसतो हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. संगणक बंद करून, वायर काढून, कॅबिनेट टेबलाखालून ओढले आणि मोबाइलचा टॉर्च जॅकमध्ये मारला. आत, पार तळाशी, पिवळसर काहीतरी चमकत होते. धाकटीला हाक मारली. ती आली, पाहिले, आणि न बोलता आतल्या खोलीत जाऊन तिचे पांढरे इअरफोन घेऊन आली. त्यांच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनेला टोक नव्हते. शनिवारी रात्री ती क्लासचा व्हिडिओ ऐकत होती, खुर्ची पुढे ओढताना तिचा गुडघा पिनेवर आदळला, पिन वाकली आणि काढताना मोडली. “मी सांगणारच होते, आई,” ती म्हणाली, “पण मला वाटलं फक्त इअरफोन गेले.” तिच्या दृष्टीने ते खरेच होते.

मोडलेले टोक आत का राहते, हे पिन हातात घेऊन पाहिले की कळते. टोकाच्या मागे पिनेला बारीक मान असते आणि जॅकमधली स्प्रिंगची पट्टी नेमकी त्या मानेत बसते. हेडफोन लावताना जो टक् असा आवाज येतो तो तिचाच. मोडलेला तुकडा त्या पट्टीने धरून ठेवला होता, आणि तीच पट्टी हेडफोन आला हे सांगणारे बटणही दाबून धरत होती. इंटेलच्या एचडी ऑडिओ पद्धतीत अनेक जॅकची बटणे एकाच तारेवर असतात आणि प्रत्येकाला वेगळ्या मापाचा रोधक असतो, ५.१, १०, २० किंवा ३९.२ किलोओहमचा, तारेवर एकूण रोध किती आहे यावरून कोणते जॅक भरलेले आहेत हे चिप ओळखते. बटण हेडफोनने दाबले की पितळेच्या कपच्याने, हे तिला कळण्याची काहीही सोय नाही.

खात्री करण्यासाठी कॅबिनेटची डावी बाजू उघडली. समोरच्या जॅकांकडून येणारी वायर मदरबोर्डच्या खालच्या कडेला एका लहान काळ्या सॉकेटने बसवलेली असते. दहा पिनांच्या जागा, त्यांतली आठवी मुद्दाम गाळलेली, म्हणजे ती उलटी बसूच शकत नाही. धूळ ब्रशने झाडली, सॉकेट दोन बोटांनी सरळ वर ओढले, संगणक चालू केला. ‘फ्रंट हेडफोन जॅक’ आता ‘ऑफ’ होता. ऑटो-म्यूट पुन्हा ‘एनेबल्ड’ केले तरी मागून आवाज येत राहिला. पॅव्हूकंट्रोलमध्ये हेडफोन्सपुढचे ‘लावलेले’ जाऊन तिथे ‘काढलेले’ आले होते.

तुकडा काढण्यासाठी रिफिलच्या टोकाला गोंदाचा थेंब लावून तो आत दाबून धरायचा, हा उपाय मी ऐकून होते, पण तो थेंब स्प्रिंगला लागला तर जॅक कायमचा जाणार, म्हणून तो केला नाही. समोरचा प्लॅस्टिकचा भाग आतून चार ठिकाणी खुंट्यांनी अडकवलेला होता, तो सोडवला आणि जॅक ज्यावर बसवलेले असतात ती बोटाएवढी पट्टी दोन स्क्रू काढून हातात घेतली. जॅकच्या मागच्या भिंतीला एक बारीक छिद्र होते. गोधडीची सुई त्यातून घालून हलकेच दाबली, तर पहिल्यांदा काही झाले नाही, दुसऱ्यांदा टक् झाले आणि साधारण ज्वारीच्या दाण्याएवढे टोक टेबलावर पडले. सगळ्या जॅकच्या मागे अशी वाट असेलच असे नाही. माझ्या जॅकला ती होती. वायर पुन्हा जोडून, माझे जुने हेडफोन लावून आणि काढून त्या ओळीतले ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ मी चार-पाचदा पाहिले. गरज नव्हती, पण पाहिले.

मॉनिटरने पुन्हा आवाज पळवू नये म्हणून पॅव्हूकंट्रोलच्या शेवटच्या पानावर एचडीएमआयच्या कार्डाचा प्रोफाइल बंद करून टाकला. गुरुवारी सकाळी काम सुरू झाले आणि शनिवारी रात्री मुलाखत पाठवली.

त्या तीन दिवसांत एक बारीक गोष्ट मात्र नव्याने लक्षात आली, आणि ती खरोखर अद्ययावतीकरणाची होती. मी एखादे वाक्य ऐकते, थांबवते, लिहिते, मग पुढे जाते. पाच सेकंद काही वाजले नाही की वायरप्लंबर कार्डाला झोपवतो, आणि पुन्हा चालू केले की कार्ड जागे होईपर्यंत पहिले अक्षर गिळले जाते. गाणी ऐकणाऱ्याला हे कधी जाणवणारही नाही. पण मुलाखतीतल्या बाई ‘नव्हतं’ म्हणाल्या की ‘होतं’, हे माझ्या कामात पहिल्या अक्षरावर ठरते. झोपण्याची मुदत शून्य केली की कार्ड झोपतच नाही. ही मुदत कुठे लिहायची हे वायरप्लंबरच्या आवृत्तीवर अवलंबून असते: मिंट २२ मध्ये ०.४ च्या मालिकेतला वायरप्लंबर आहे आणि त्याच्या सेटिंगच्या फाइली लुआ या भाषेत असतात, तर मार्च २०२४ मध्ये आलेल्या ०.५ पासून त्यांची रचनाच बदलली आहे, त्यामुळे एकासाठी लिहिलेली फाइल दुसरा वाचतही नाही. माझी पहिली फाइल चुकीच्या रचनेत होती आणि ती निमूटपणे दुर्लक्षिली गेली. दुसरी लागू पडली. वहीतली पल्सऑडिओची दोन्ही कलमे मी खोडली नाहीत, त्यांच्यापुढे ‘फक्त २१.३ पर्यंत’ असे लिहिले, आणि त्याच पानावर चिकटपट्टीखाली ते पितळी टोक चिकटवून ठेवले.